खिडकीकडची रांग

३ फेब्रुवारी

अकरा माणसांच्या जखमा चिघळल्या, आणि मी आज घरी येताना स्वतःशीच हसत होते. लिहिताना लाज वाटते आहे. पण खरं ते खरं.

झालं असं — दुपारी छोटे डॉक्टर माझ्या टेबलापाशी आले, हातात माझीच वही. आमच्या हाडांच्या वॉर्डात गेल्या आठ महिन्यांत ऑपरेशननंतर ज्यांच्या जखमेत जंतू झाले त्यांची वही. नाव, खाट, ऑपरेशन, कितव्या दिवशी पू, आणि शेवटच्या रकान्यात रक्तगट. रक्तगट कुणी मागितला नव्हता. मीच आपली लिहीत गेले. रकाना मोकळा दिसला की मला चैन पडत नाही.

"सिस्टर, हे बघितलंत? अकरापैकी नऊ ए गटाचे!"

मी बघितलं नव्हतं. वही माझी, आणि दिसलं त्यांना! म्हणाले, रक्तगट आणि जंतू यांचा काही संबंध आहे का, हे बरेच लोक शोधतायत, आणि आपल्याकडे तर आयती माहिती पडून आहे. निबंध होईल. "तुमचंही नाव घालू. मेहनत तुमची आहे."

सव्वीस वर्षं नोकरी झाली. माझं नाव आजवर फक्त ड्यूटीच्या तक्त्यावर आलंय.

आणि दुसरी गोष्ट, ती तर आणखी वाईट. हायसं वाटलं! आठ महिने मी सगळ्यांच्या मागे लागले आहे — हात धुवा, नखं दाखवा, बाह्या वर करा. हाताखालच्या पोरी मला माघारी साबणबाई म्हणतात, मला ठाऊक आहे. एवढं करून जखमा चिघळतच होत्या. म्हणजे आता दोष आमच्या हातांचा नाही तर! त्यांचं रक्तच तसं!

त्या अकरातली एक बाई अजून कुबडी घेऊन तपासणीला येते. येताना बसमध्ये तिची आठवणसुद्धा झाली नाही मला.

४ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "माझा ओ. म्हणजे मला काही धाड भरणार नाही! तुझा?"

ए.

"मग जपून रहा हो साबणबाई." घरातसुद्धा हेच!

७ फेब्रुवारी

मेट्रनबाईंनी बैठक घेतली. छोट्या डॉक्टरांनी फळ्यावर आकडे मांडले. मी मागे उभी. ते दोनदा "सिस्टरांच्या नोंदींमुळे" म्हणाले.

आमच्या वॉर्डात खाटा रक्तगटाप्रमाणे देतात. इतर वॉर्डांतले हसतात आम्हाला. पण चार वर्षांपूर्वी एकाची रक्ताची पिशवी दुसऱ्याच्याच स्टँडला लागता लागता राहिली, तेव्हा मेट्रनबाईंनी हा नियम केला — खिडकीकडची रांग ए गटाची, भिंतीकडची ओ आणि बी. एबी क्वचितच येतात, ते दाराशी. खाटेला रंगीत फीत. जागा नसेल तर इकडचा तिकडे, पण फीत बदलायची नाही. त्यानंतर एकदाही घोटाळा झाला नाही.

आज नवा नियम ठरला, आणि तो मी सुचवला. ए गटाच्या पेशंटला हात लावण्याआधी हात दोनदा धुवायचे. साबणाने! खिशातल्या बाटलीतलं सॅनिटायझर चोळून भागणार नाही. चोळणं म्हणजे धुणं नव्हे, हे मी पन्नास वेळा सांगितलंय. पोरींनी एकमेकींकडे बघितलं. बघू देत. नाहीतरी मोठी ड्रेसिंगं सगळी मीच करते.

आता साबण जास्त लागणार. भिंतीकडच्या बेसिनवर नवी बंद पाकिटं बसवलीत, खिडकीकडे अजून जुनी पंपाची बाटली आहे. त्यासाठी स्टोअरवाला महिन्याला एकच डबा देतो, वर मागितला तर दहा प्रश्न. पूर्वी बाटली झाडलोटीच्या मावशी भरायच्या. निम्मा साबण बेसिनमध्ये! म्हणून दोन वर्षांपूर्वी ते काम मी माझ्याकडे घेतलं. तळाला उरतो त्यात थोडं पाणी घालून हलवायचं, वर नवा ओतायचा. महिना बरोबर निघतो.

१२ फेब्रुवारी

आज एक बाई दाखल झाल्या, गुडघा बदलायचाय. शिवणकाम करतात. वय अठ्ठावन्न. आल्या आल्या माझ्या गणवेशाची शिलाई बघून म्हणाल्या, "सिस्टर, कॉलर कुणी शिवली? उसवून द्या माझ्याकडे, नीट करून देते." मी म्हटलं, आधी तुमची शिवण होऊ दे.

पायाच्या मशीनवर शिवतात. उजव्या पायाने. म्हणून गुडघा. "विजेवरचं घ्या म्हणतो मुलगा. पण मला पायाखाली चाल कळावी लागते. हाताने शिवायचं असतं का! शिवतो पाय."

रक्तगट ओ. भिंतीकडे एकही खाट रिकामी नाही, म्हणून खिडकीकडे पाच नंबर दिला. उलट भिंतीकडे गेल्या आठवड्यापासून एक बसड्रायव्हर आहे, तो ए. तेव्हा खिडकीकडे जागा नव्हती. फिती नीट बांधल्या.

१३ फेब्रुवारी

शिवणबाईंचं ऑपरेशन छान झालं.

१७ फेब्रुवारी

खिडकीकडे आणखी दोघांच्या जखमा लाल. दोघेही ए. जानेवारीअखेरचा एक धरून तीन आठवड्यांत तिघं! आधी महिन्याला एखादा व्हायचा.

छोटे डॉक्टर चिंतेत आहेत, पण त्यांचे डोळे चमकत होते. माझेही चमकत असणार. दोघांपैकी एक जण तापाने फणफणलाय, आणि आम्ही तक्त्यात दोन रेघा वाढवल्या.

पोरींना पुन्हा झापलं. मी स्वतः प्रत्येक ड्रेसिंगआधी दोनदा धुते, कोपरापर्यंत.

१९ फेब्रुवारी

शिवणबाईंची पट्टी सोडली. टाक्यांच्या खालच्या टोकाशी ओल. हिरवट.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय झालं?" म्हटलं, थोडं ओलं आहे, वाळेल. पंचवीस वेळा बघितलंय मी हे. वाळत नाही.

२१ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. तोच जंतू, बाकीच्यांना झालेला. पाण्यात, ओलीत वाढणारा.

डॉक्टरांना निबंधाची शेवटची यादी आज द्यायची होती. ए, ए, ए — आणि शेवटी शिवणबाई, ओ. मी पेन हातात घेऊन बसले. एकीमुळे काय होतंय? तसेही त्यांचे अजून टाके निघालेले नाहीत, केस पुरी झालेली नाही. असं स्वतःला समजावलं आणि त्यांचं नाव यादीत घेतलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "एवढीच ना?"

"एवढीच."

बसड्रायव्हर आज घरी गेला. जखम कोरडी ठणठणीत. ए गट, आणि साधी लालीसुद्धा नाही! हे मला तिथेच खटकलं. खटकलं आणि मी ते बाजूला सारलं. नंतर कधी मी म्हणेन की मला काही कळलंच नव्हतं, म्हणून आजच लिहून ठेवते.

२२ फेब्रुवारी

डोकं दुखतंय. काही लिहायचं नाही.

२५ फेब्रुवारी

लॅबचा माणूस आला नमुने घ्यायला. मेट्रनबाईंनीच बोलावला. नळ, बेसिन, पोछे, ट्रॉली, सगळीकडे काडी फिरवली. मी त्याच्यामागून हिंडत होते, आमचा वॉर्ड किती स्वच्छ ते दाखवत. मग त्याने खिडकीकडच्या बाटलीचा पंप फिरवून वर काढला.

नळीला खालपासून वरपर्यंत बुळबुळीत थर. साय धरल्यासारखा. त्याने नाकाजवळ नेली आणि तोंड फिरवलं.

"ही बाटली शेवटची रिकामी करून धुतली कधी?"

मी म्हटलं, बघून सांगते. काय बघणार होते! धुतलेलीच नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. रिकामी होऊच दिली नाही मी ती कधी.

संध्याकाळी घरी भांड्यांचा साबण संपत आलेला. सवयीने बाटलीत पाणी घातलं, हलवली, आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. हे विचारत होते, काय झालं, चक्कर येतेय का. हो म्हटलं.

खिडकीकडच्या रांगेला हात लावायच्या आधी मी त्या बेसिनवर हात धुवायचे. दोनदा. कोपरापर्यंत. पोरी टाळाटाळ करायच्या, खिशातल्या बाटलीतलं चोळून पुढे जायच्या. त्यांनी कुणाला काही दिलं नाही. सगळं मी दिलं.

२७ फेब्रुवारी

आज जे केलं ते जसंच्या तसं लिहिणार आहे. इथे तरी.

रिपोर्ट आला. बाटलीत तोच जंतू, भरमसाट. बेसिनच्या जाळीवर थोडा. बाकी सगळं स्वच्छ. मेट्रनबाईंनी त्यांच्या खोलीत बोलावलं — मला, छोट्या डॉक्टरांना, मावशींना. मावशी दाराशी उभ्या, हातात अजून पोछ्याची काठी. ठेवायलाही वेळ दिला नव्हता कुणी.

मेट्रनबाईंनी कामाचा तक्ता काढला. "खिडकीकडचं बेसिन आणि त्यावरच्या वस्तू — मावशी." तक्ता जुना. मी बाटली घेतली ते तक्त्यात कुणी बदललंच नाही. मीच बदलायला हवं होतं.

"बाटली कोण भरतं?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं, आता या बोलतील म्हणून. मी वही उघडली. कशासाठी? काही नाही. पानं उलटत होते. रकाने दिसत होते, अक्षरं लागत नव्हती.  

मग मावशी म्हणाल्या, "बेसिन माझंच आहे."

बाटलीचं काहीच बोलल्या नाहीत. फक्त बेसिन माझं आहे म्हणाल्या. ते खरंच होतं.

मेट्रनबाई म्हणाल्या, "चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका." छोटे डॉक्टर म्हणाले, बाटलीमुळे धोका वाढला असेल, पण ए गटालाच जास्त का झालं हा प्रश्न उरतोच. मी मान डोलावली! अजून मान डोलावत होते!

मावशींनी काठी कोपऱ्यात उभी केली. जाताना वॉर्डातून पिशवी घेऊन गेल्या. मी खोलीतून निघालेच नाही, त्या गेल्याची खात्री होईपर्यंत.

२८ फेब्रुवारी

खरं सांगायला मेट्रनबाईंच्या दारापर्यंत गेले. जमलं नाही.

२ मार्च

रविवार. ह्यांना सांगितलं. सगळं नाही, बाटलीचं सांगितलं. मावशींचं नाही.

हे म्हणाले, "अगं, साबणात पाणी कोण घालत नाही? मुद्दाम केलंस का तू?" मला बरं वाटावं म्हणून बोलत होते. मुद्दाम केलं नाही ते खरंच. पण मावशींना दाराबाहेर जाऊ दिलं ते मुद्दाम. ते ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी असं समजावलं नसतं, म्हणून सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा निवडक सांगते मी. यादीतून नावं गाळायची सवयच लागली.

४ मार्च

शिवणबाईंचा गुडघा पुन्हा उघडला. आतून धुवून काढला. मोठे डॉक्टर म्हणाले, नवा सांधा टिकला तर टिकला.

६ मार्च

ड्रेसिंगला शिवणबाईंकडे गेले. बंद पाकिटातल्या साबणाने हात धुतले, वर चोळलं, वर हातमोजे. 

त्या बारीक झाल्यात. म्हणाल्या, "सिस्टर, तुमचे हात आज गार आहेत." मग म्हणाल्या, "मावशी दिसत नाहीत हल्ली."

मी म्हटलं, रजेवर आहेत.

त्या पट्टी होईपर्यंत छताकडे बघत होत्या. मी टेप लावली, पांघरूण सारखं केलं, आणि निघाले. चालत नव्हते, पळतच होते.

दुपारी छोटे डॉक्टर आले खुशीत. निबंध स्वीकारला गेला. सोळा तारखेला मोठ्या सभेत वाचायचा. पहिल्या पानावर दोन नावं, दुसरं माझं. त्यांनी पान पुढे केलं. छान जाड कागद.

मी म्हटलं, "डॉक्टर, बसा."

सांगितलं. बाटली माझी. पाणी मी घालायची. शिवणबाई ओ आहेत, आणि त्यांना मी यादीत घेतलं नाही. बसड्रायव्हर ए होता, भिंतीकडे होता, त्याला काही झालं नाही.

त्यांचे कान लाल झाले. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचेही नाहीत ते. आधी म्हणाले, "आणखी कुणाला माहीत आहे?" आणि लगेच स्वतःच खाली बघितलं. मग, "निबंध गेलाय, सिस्टर." मग, "तुम्ही मला एवढीच म्हणालात. मी विचारलं होतं."

हो. विचारलं होतं.

ते उठून गेले. पान टेबलावरच राहिलं.

८ मार्च

डॉक्टर आज सकाळी स्वतः आले. डोळे सुजलेले. माझी वही मागितली. रक्तगटाच्या रकान्यावर त्यांनी पट्टी ठेवली, तो झाकला, आणि खाट नंबरवरून बोट खाली खाली नेलं. नऊ ए गटाचे — खिडकीकडचे. आणि उरलेले दोघे? एक बी, एक ओ. दोघांनाही भिंतीकडे जागा नसल्याने खिडकीकडे टाकलं होतं. अकराच्या अकरा खिडकीकडचे! भिंतीकडचा एकही नाही.

"खाटेचा रकाना पहिल्या दिवसापासून होता," ते म्हणाले. "मी बघितलाच नाही. मला रक्तगटच बघायचा होता."

मलाही तोच बघायचा होता. त्यांना निबंध हवा होता, मला सुटका हवी होती. रक्तगटाचा जंतूंशी कुठे काही संबंध असेल नसेल, ते शिकलेले लोक ठरवतील. आमच्या वॉर्डात संबंध होता तो बेसिनशी. आणि बेसिनवर उभी असायचे मी.

"निबंध मागे घेतोय. मेट्रनबाईंकडे मी येऊ बरोबर?"

"नको." बरोबर कुणी असलं की मी पुन्हा वही चाळत बसेन.

९ मार्च

ह्यांना मावशींचंही सांगितलं. ह्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "उद्या जातेस ना?"

"जाते."

"जा." एवढंच. समजूत घातली नाही ते बरं केलं.

१० मार्च

गेले. उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर रडले असते, आणि रडून मोकळं व्हायचा हक्क मला नाही.

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. हळूच म्हणाल्या, "मी विचारलं तेव्हा तुम्ही समोर होतात."

"हो."

"मी अकरा दिवस एका बाईला घरी बसवलं. दारात उभं राहून तिने मला बेसिन माझं आहे सांगितलं, आणि मी पुढे काही विचारलंही नाही. तक्त्यात नाव होतं ना!" त्या माझ्यावर चिडल्या होत्या की स्वतःवर, कळेना. "लिहून द्या सगळं. आणि ड्रेसिंग उद्यापासून तुमच्याकडे नाही. चौकशीत काय ठरेल ते ठरेल."

चार पानं लिहिली. नाव, खाट, तारीख, सगळं. शिवणबाईंचं नाव पहिलं. पोरी काचेपलीकडून बघत होत्या. बघणारच.

११ मार्च

मावशींकडे गेले. परत कामावर येण्याचं पत्र मेट्रनबाई शिपायाबरोबर पाठवणार होत्या. मी म्हटलं, मी देते. सव्वीस वर्षं एका वॉर्डात, आणि त्यांचं घर कुठे ते मला शिपायाला विचारावं लागलं!

तिसरा मजला. एक खोली, लांबट गॅलरी, गॅलरीत चादरी वाळत घातलेल्या. मावशी खिडकीच्या काचा पुसत होत्या. मला बघून थांबल्या नाहीत. ती काच पुरी केली, मग फडकं पिळलं, मग म्हणाल्या, "या."

मी पत्र दिलं. माझं चुकलं म्हटलं. पाया पडायला वाकले तर मागे सरकल्या. "ते नको. मलाच कसंनुसं होतं."

पाणी दिलं. मी ग्लास हातात धरून बसले. 

"एक विचारू, बाई?"

"विचारा ना."

"माझ्याजागी तुमची एखादी सिस्टर असती, तर एवढे दिवस लागले असते का हो?"

मी ग्लास खाली ठेवला.  लागले नसते. पाच मिनिटंसुद्धा लागली नसती. त्या दिवशी खोलीत मला हे पक्कं ठाऊक होतं की मावशींवर आलं तर कुणी जास्त काही विचारणार नाही. ठाऊक होतं म्हणून गप्प बसले. भीतीने तोंड उघडलं नाही असं आजवर मनाशी म्हणत आले. नुसती भीती नव्हती ती.

मावशींनी पत्र उलटसुलट बघितलं. "उद्या सकाळच्या पाळीला येते," म्हणाल्या. निघताना दारापर्यंत आल्या. जिन्यात अंधार आहे, सांभाळून उतरा म्हणाल्या.

शिवणबाईंचा ताप उतरलाय, असं पोरींकडून कळलं. सांधा टिकला. पण व्यायामवाल्या बाई म्हणतात, गुडघा आता पुरता वाकणार नाही. पायाचं मशीन विसरा.

१२ मार्च

शिवणबाईंना सांगायला गेले. ड्रेसिंगचा ट्रे नाही, वही नाही, रिकाम्या हाताने. पडदा ओढून घेतला आणि सगळं सांगितलं. तुमच्या गुडघ्याला जे झालं ते माझ्या हातांनी झालं, असंच सांगितलं.

त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला."

मावशी त्या दिवशी पिशवी घ्यायला आल्या तेव्हाच त्यांना सांगून गेल्या होत्या. म्हणाल्या होत्या, माझ्या सांगण्याला इथे कोण विचारतंय, पण तुमच्यापासून लपवायचं नाही. आणि बाई वाईट नाहीत, बाई स्वतः येऊन सांगतील. तोवर तुम्ही काही बोलू नका.

"म्हणून नाही बोलले. तुम्ही पट्टी सोडायला घेतली की रोज वाटायचं, आज सांगतील."